मृत्युपत्राचा भार : लोकमान्य टिळक आणि ताईमहाराज प्रकरण

माझ्या एका चुलत्यांशी आमच्या घराचे बोलणे पंचवीसहून अधिक वर्षे बंद होते. जमिनीच्या वाटणीवरून सुरू झालेला तो अबोला. पुढे मूळ कारण मागे पडले आणि अबोला तेवढा उरला. लग्नाची आमंत्रणे गेली नाहीत, मयताचे निरोप तिऱ्हाइताकडून कळले. नोकरीच्या निमित्ताने ते रत्नागिरीस गेले होते, निवृत्तीनंतरही तेथेच राहिले. त्यांच्या निधनानंतर महिन्याभराने वकिलांचे पत्र आले, तेव्हा कळले की त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले आहे आणि त्याचा एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणून माझे नाव घातले आहे. मला त्यांनी काही ठेवले नव्हते. काम मात्र ठेवले होते.

"जिवंतपणी ज्यांनी ओळख दाखवली नाही, त्यांची हमाली मेल्यावर आपण का करायची?" असे माझ्या थोरल्या भावाने विचारले. प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते न शोधताच मी रत्नागिरीची गाडी पकडली. वकिलांची वेळ संध्याकाळची होती. दुपार मोकळी होती म्हणून टिळक आळीत गेलो. तेथे ते कौलारू घर आहे, जेथे २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. शाळामास्तर वडिलांची १८६६ साली पुण्यास बदली होईपर्यंत टिळकांचे बालपण रत्नागिरीतच गेले. आता त्या घराचे स्मारक झाले आहे. भिंतीवरच्या चित्रांतून स्वराज्याची गर्जना आहे, मंडाले आहे, 'केसरी' आहे. टिळकांच्या आयुष्याची चौदा वर्षे ज्या एका खाजगी कामाने खाल्ली, ते मात्र आपल्या सर्वांच्या मनातल्या चित्रात सहसा नसते. ते काम म्हणजे एका मित्राच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी. त्या अंगणात उभे असताना मला ते आठवले, आणि परत आल्यावर जुनी टिपणे काढून बसलो.

ऑगस्ट १८९७. पुण्यात प्लेगने आणि रँडच्या खुनाने हलकल्लोळ माजलेला. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले होते. ते पुण्यास परतले तो त्यांचे स्नेही वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे कॉलऱ्याने अंथरुणाला खिळलेले. बाबामहाराज दख्खनच्या पहिल्या वर्गाच्या सरदारांपैकी होते. त्यांची मिळकत पुण्याकडे होती, तशी कोल्हापूर संस्थानातही होती. घरात तरुण पत्नी सकवारबाई, म्हणजेच ताईमहाराज, गरोदर होत्या. इस्टेटीवर कर्ज होते. ७ ऑगस्टला बाबामहाराज वारले. जाण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केले व मिळकतीच्या विश्वस्तांत टिळकांचे नाव घातले. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे हेही त्यांत होते. मृत्युपत्राचा आशय थोडक्यात असा होता : मुलगा झाला तर तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी कारभार पाहावा, मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मृत्युपत्रात नाव आले म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही. त्याने ते काम पत्करावे लागते. नकार देण्याची मुभा कायद्याने तेव्हाही दिली होती आणि आजही दिली आहे. टिळकांपुढे राजद्रोहाचा खटला उभा होता, शिक्षा जवळजवळ ठरलेली होती. नाही म्हणावयास याहून सबळ कारण कोणते असावयास हवे होते? त्यांनी हो म्हटले. महिन्याभरात, १४ सप्टेंबर १८९७ रोजी, त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ते तुरुंगात असतानाच जानेवारी १८९८ मध्ये ताईमहाराजांना मुलगा झाला आणि मार्चमध्ये तो गेला. विधवा झाल्यावर सुमारे सात महिन्यांत पोटचे मूलही गमावलेल्या त्या मुलीचे काय झाले असेल, याची कल्पना चरित्रग्रंथांतून फारशी येत नाही. त्यांत पुढच्या ओळीला कर्जाचा व खर्चाचा हिशेब सुरू होतो. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले आणि त्यांनी कारभारात लक्ष घातले. कर्ज फेडावयाचे तर वाड्याचा खर्च आवरणे भाग होते. सरदारघराण्याच्या रीतीप्रमाणे हात सैल सोडून राहण्याची सवय असलेल्या घरात असा व्यवस्थापक कोणास आवडणार? नवऱ्याच्या मागे त्याचा मित्र येतो, पेटीची किल्ली हाती घेतो आणि प्रत्येक रुपयाला कारण विचारतो. व्यवस्थापक आणि वारस यांच्यातील दुरावा बहुधा येथूनच सुरू होतो, गैरव्यवहारातून नव्हे.

दत्तकाचा प्रश्न १९०१ च्या जूनमध्ये ऐरणीवर आला. टिळक, खापर्डे व ताईमहाराज अशी मंडळी औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेली. पंडित घराण्याच्या तिकडील शाखेतून जगन्नाथ नावाचा मुलगा निवडण्यात आला आणि तेथेच जूनच्या अखेरीस दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर मात्र वारे फिरले. ताईमहाराजांच्या भोवतीच्या काही मंडळींचा आणि कोल्हापुरास असलेल्या पंडित घराण्याच्या शाखेचा सल्ला वेगळा पडला. जुलैच्या अखेरीस त्यांनी विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे असा अर्ज जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे केला. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापुरात बाळामहाराज नावाच्या गृहस्थास दत्तक घेतले. औरंगाबादेस दत्तविधान झालेच नव्हते, असा त्यांचा पवित्रा होता.

हिंदू कायद्याप्रमाणे एकदा विधियुक्त झालेले दत्तविधान मोडता येत नाही. म्हणजे सारा वाद एका वस्तुस्थितीवर येऊन ठेपला : औरंगाबादेच्या त्या घरात मूल ताईमहाराजांच्या मांडीवर दिले गेले की नाही? झाले असेल तर दुसरा दत्तक फोल. नसेल तर टिळक आणि खापर्डे शपथेवर खोटे बोलले. मधला मार्ग उरला नव्हता.

अ‍ॅस्टनसाहेबांनी दुसरा पर्याय खरा मानला. ३ एप्रिल १९०२ च्या निकालाने त्यांनी प्रोबेट तर रद्द केलेच, शिवाय खोटी साक्ष, बनावट कागद वगैरे आरोपांवरून टिळकांवर फौजदारी खटला चालवावा असा हुकूम दिला. प्रोबेट रद्द करण्याचा निर्णय पुढे हायकोर्टाने फिरवला, परंतु फौजदारी खटला थांबला नाही. सरकारने तो हौसेने चालवला, कारण राजद्रोहात ज्या माणसाची कीर्ती वाढली, त्याची अब्रू एका विधवेच्या इस्टेटीच्या कज्ज्यात घालवता येणार होती. राजद्रोहाचा कैदी लोकांच्या देव्हाऱ्यात बसतो. विधवेला नाडणारा विश्वस्त कोठेच बसत नाही. टिळकांना हे पुरते समजत होते. माझ्या मते या प्रकरणातील त्यांचे धैर्य राजद्रोहाच्या खटल्यातील धैर्याहून मोठे होते, कारण येथे टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते.

२४ ऑगस्ट १९०३ रोजी खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड ठोठावला. त्याच वर्षी टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स जज्ज लुकास यांनी दोष कायम ठेवून शिक्षा सहा महिन्यांवर आणली आणि टिळक काही दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले. शेवटी ३ मार्च १९०४ रोजी मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स व न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द केली.

येथे कोणीही सामान्य माणूस थांबला असता. अब्रू वाचली होती. ताईमहाराज स्वतः १९०३ सालीच, खटले अर्धवट असताना, निवर्तल्या होत्या. परंतु जगन्नाथाच्या दत्तकाचा प्रश्न निकाली निघाला नव्हता, आणि बाबामहाराजांना दिलेला शब्द त्या मुलाच्या हक्काशी बांधलेला होता. म्हणून दिवाणी दावा चालूच राहिला. १९०६ साली खालच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तविधान खरे मानले. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडाले येथे नेण्यात आले. नियतीचा योग पाहा, मंडालेचा पदच्युत राजा थिबा तेव्हा रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि रत्नागिरीत जन्मलेला हा गृहस्थ मंडालेच्या तुरुंगात. टिळक तेथे असतानाच १९१० साली हायकोर्टाने खालचा निकाल उलटवला. न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांनी दत्तविधान झालेच नाही असे ठरवले. याचा अर्थ असा की फौजदारीत जे कलंक पुसले गेले होते, ते दिवाणीच्या दाराने परत आले. उत्तर द्यावयास टिळक देशातही नव्हते. १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हाही ते मंडालेतच होते.

टिळक जून १९१४ मध्ये सुटले. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल २६ मार्च १९१५ रोजी लागला. लॉर्ड शॉ यांनी तो दिला. हायकोर्टाचा निर्णय फिरवून जगन्नाथाचे दत्तविधान ग्राह्य धरण्यात आले. या निकालातील एक तत्त्व भारतातील न्यायालये आजही उद्धृत करतात : साक्षीदाराने पूर्वी काही वेगळे म्हटले असेल, तर ते त्याच्यापुढे ठेवून त्याला खुलाशाची संधी दिल्यावाचून त्या आधारे त्याला खोटा ठरवता येत नाही. कायद्याची भाषा बाजूला ठेवली, तर याचा साधा अर्थ असा की माणसाला तोंडावर विचारल्याशिवाय त्याच्या पाठीमागे त्याला लबाड म्हणू नये. आमच्या घरी पंचवीस वर्षे नेमके तेच चालले होते.

मृत्युपत्रापासून या निकालापर्यंत सुमारे साडेसतरा वर्षे गेली. प्रत्यक्ष न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात चौदा. त्याच १९१५ साली टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. फळाची आशा न धरता कर्म करावे हे त्यांनी कोणत्या अनुभवातून लिहिले असेल, याचा विचार करताना आपल्याला राजकारणच आठवते. मला हा कज्जा आठवतो.

तरीही या कथेत एक आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही, तो ताईमहाराजांचा. टिळकांच्या चरित्रांत त्या कोणाच्या तरी नादी लागलेली अजाण स्त्री म्हणून येतात. असेलही तसे. पण नवरा मेल्यावर ज्यांच्या संमतीविना आपल्याला मूलही दत्तक घेता येणार नाही, ज्यांच्यापुढे खर्चासाठी हात पसरावा लागणार, असे पाच पुरुष एका तरुण विधवेच्या आयुष्यावर नेमले गेले. त्यांपैकी एकही तिच्या माहेरच्या नात्याने वा मायेने बांधलेला नव्हता. मृत्युपत्र करणाऱ्याने इस्टेटीची काळजी घेतली. पत्नीचे मन वळवण्याची काळजी कोणावर सोपवली नाही. टिळक न्यायालयात बरोबर होते हे शेवटी सिद्ध झाले. ताईमहाराजांना त्यांच्याविषयी विश्वास का वाटला नाही, हा प्रश्न कोणत्याच न्यायालयापुढे नव्हता.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत हा विषय कायद्याने जरा वेगळा आहे. मुंबई शहराबाहेरील हिंदूंना प्रोबेटची सोय १८८१ च्या कायद्याने मिळाली. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला मात्र १८६५ चा भारतीय वारसा कायदा आणि त्यानंतर १९२५ चा कायदा लागू झाला. त्यातील दोन गोष्टी आपल्या धर्मग्रामांतील घरांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्याला मृत्युपत्राने काही मिळावयाचे आहे त्याची, किंवा त्याच्या पतीची वा पत्नीची, साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. घेतल्यास मृत्युपत्र राहते, पण ती देणगी बाद होते. आणि २००२ सालच्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती उरलेली नाही. गोव्यातील आपल्या बांधवांचा मामला आणखी निराळा आहे. तेथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या परंपरेमुळे मुलाबाळांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. रुसलेला बाप तेथे फार तर अर्धाच रुसू शकतो.

ख्रिस्तसभेला तर हे काम फार जुने. १४९८ साली लिस्बन येथे स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या दयाकार्य करणाऱ्या संघाच्या शाखा पोर्तुगीज अमलाबरोबर गोव्यात आल्या, आपल्या वसईतही होत्या. मायदेशापासून हजारो मैलांवर, घरच्यांशी संबंध तुटलेल्या अवस्थेत मेलेल्या शिपायांच्या व व्यापाऱ्यांच्या मृत्युपत्रांची अंमलबजावणी करणे आणि त्यांचा पैसा पोर्तुगालातील वारसांकडे पोहोचवणे, हे त्या संघाचे एक मोठे काम होते. ज्याने वर्षानुवर्षे पत्र लिहिले नाही त्याची शेवटची इच्छा समुद्र ओलांडून त्याच्या बहिणीच्या दारात नेऊन ठेवायची. धर्मकार्यासाठी ठेवलेल्या देणग्यांचे पालन पाहण्याची जबाबदारी ट्रेंटच्या धर्मसभेने बिशपांवर टाकली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेचे १३०१ वे कलमही अशा मृत्युपत्रांचा व्यवस्थापक म्हणून धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याकडेच बोट दाखवते.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील तो प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की माझ्या भावाला सांग, मला माझा वाटा दे. आणि प्रभू वाटणी करून देणारा न्यायाधीश होण्यास नकार देतो. लहानपणी मला हा नकार थोडा कठोर वाटे. ताईमहाराज प्रकरण वाचल्यावर त्यातला व्यवहारही कळला. वाटणी करणारा कितीही सचोटीचा असो, तो दोघांपैकी एकाचा वैरी होतोच. मात्र त्याच प्रभूने क्रुसावरून आपली आई शिष्याच्या स्वाधीन केली, आणि योहानाने नाही म्हटले नाही.

रत्नागिरीस त्या संध्याकाळी वकिलांनी मृत्युपत्र वाचून दाखवले. घर विकून येणाऱ्या रकमेचे दोन भाग माझ्या दोन चुलत बहिणींना, म्हणजे त्यांच्या पुतण्यांना. आणि एक छोटी रक्कम आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये, ज्याच्या पायऱ्या त्यांनी पंचवीस वर्षे चढल्या नव्हत्या, आपल्या आईवडिलांच्या, म्हणजे माझ्या आजीआजोबांच्या, मिस्सांसाठी. मृत्युपत्र मरणापूर्वी जेमतेम पाच महिने आधी केलेले होते. ते २००३ पूर्वीचे असते, तर ही मिस्सांची देणगी टिकली नसती. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मालमत्ता ठेवावयाची, तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांच्या आत सरकारी जागी ठेवावे लागे. केरळचे धर्मगुरू फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २००३ रोजी हे ११८ वे कलम घटनाबाह्य ठरवले. तसे नसते तर मी, त्यांचा पुतण्या, केवळ जिवंत असल्यामुळे त्यांच्या आईवडिलांच्या मिस्सांच्या आड आलो असतो.

मी होकाराची सही केली. भावाने अजून विचारलेले नाही की का. घरातील वस्तूंची यादी करावयास तीन खेपा लागल्या. फार काही नव्हते : दोन कपाटे, एक शिलाई यंत्र, देव्हाऱ्यातील पवित्र हृदयाची तसबीर, औषधाच्या दुकानाचे थकलेले बिल. ते बिल मी भागवले आणि पावती फाइलीला लावली. मिस्सांची रक्कम फादरांकडे पोहोचती केली. नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, पहिली मिस्सा झाली, तेव्हा चर्चमध्ये आम्ही सहा जण होतो. थोरला भाऊ शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. बहिणींपैकी एकीने आपला बँकेचा क्रमांक कळवला. दुसरीने दोन पत्रांना उत्तर दिलेले नाही. तिला त्यांच्याकडून काही नको आहे असे ऐकतो. तिसरे पत्र मी परवा रजिस्टरने पाठवले आहे.